चिमीच्या सवयीचा हात

डॉक्टरांनी हात दाखवा म्हटलं की माझी विठाआत्या डावा हात पुढे करायची. दुखायचा उजवा. तो पदराखाली. एकदा मी चिडून तिचा उजवा हात ओढून टेबलावर ठेवला, तर डॉक्टरांच्या समोरच मला म्हणाली, "तुजा हाय का हात?" हट्टीपणा आमच्या घराण्यात पुरुषांना मिळालेला नाही, सगळा बायकांच्या वाट्याला आलाय. माझं फटकळ तोंडही तिच्यावरच गेलंय. त्यामुळे आमचं दोघींचं गोडीगुलाबीने कधी झालं नाही. तरी तिच्या हाताची गोष्ट मीच सांगू शकते, कारण तो हात घेऊन बदलापूर ते उल्हासनगर सगळे दवाखाने मीच पालथे घातले.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडे राहतो. ती बदलापूरजवळ सोनिवलीत दिलेली. मी सांगतेय ते २००८-०९ चं. तोवर सोनिवलीतली भाताची खाचरं संपत आली होती आणि बिल्डिंगींना फुलांची नावं पडायला लागली होती. आत्याच्या यजमानांनीही, म्हणजे नाथामामांनी, जमीन बिल्डरला दिली. मोबदल्यात एक फ्लॅट मिळाला. मुलगा सुयोग आणि सून पायल तिकडे राहायला गेले. आत्या काही गेली नाही. म्हस जिना चढंल का, एवढंच तिने विचारलं. बिल्डिंगच्या मागे जुनं घर आणि गोठा तेवढा शिल्लक राहिला. मामा बिल्डरच्या साइट ऑफिसबाहेर खुर्ची टाकून दिवसभर पेपर वाचायला लागले. शेत गेलं, लावणी गेली, झोडणी गेली, आणि आत्याच्या हाताला काम म्हणून उरली एक चिमी.

चिमी ही म्हैस. २००५ च्या जुलैत उल्हास नदी मांजर्लीत लोकांच्या स्वयंपाकघरात शिरली, तेव्हा सोनिवलीच्या खालच्या अंगालाही पाणी चढलं. आत्याच्या गोठ्यात तीन जनावरं बांधलेली होती. छातीएवढ्या पाण्यात उतरून तिने विळ्याने एकीचं दावं कापलं. बाकीच्या दोघींपर्यंत ती पोचू शकली नाही. जी वाचली ती वगार होती, अजून व्यायचीही होती. त्या दोघींबद्दल आत्या पुढे कधी बोलली नाही, पण चिमीच्या गळ्यात तिने त्यानंतर गाठीचं दावं कधी बांधलं नाही. साखळी आणली, एका झटक्यात सुटेल अशी.

पुढे चिमी व्याली आणि आत्याने एक गोष्ट मुद्दाम केली. ती इथे नीट सांगायला हवी. म्हैस पहिल्यांदा व्याली की शहाणा माणूस तिला दोन हातांची सवय लावून ठेवतो. एक माणूस आजारी पडला, लग्नाला गेला, तर दुसऱ्याने धार काढावी म्हणून. एकाच हाताला पडलेली म्हैस दुसरा हात लागला की पान्हा चोरते. कास भरलेली असते, पण सडातून थेंब येत नाही. हे आत्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू, तिचा जन्म गोठ्यात गेलेला. पण तिने चिमीला दुसऱ्या कुणाचा हात लागूच दिला नाही. मामा एकदा हौसेने बसायला गेले आणि गुडघ्यावर लाथ खाऊन आले. आत्या आठवडाभर ते पाहुण्यांना हसून सांगत होती. "माज्याशिवाय नाय चालत तिला," असं म्हणताना तिच्या तोंडावर जे यायचं ते मी तिच्या पोराच्या लग्नातही पाहिलं नाही.

धार काढताना ती चिमीशी सारखी बोलायची. बोलायची कसली, भांडायची. काल कुणाच्या कुंपणात तोंड घातलंस, पेंड का टाकलीस, पारडू का चाटत नाहीस. बिल्डिंगच्या मागच्या गॅलरीत उभं राहिलं की सकाळी तिचा आवाज आणि बादलीत पडणाऱ्या धारांचा आवाज एकत्रच ऐकू यायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या कुठल्या तरी नाठाळ मुलीला दम भरतेय.

तो हात आधी झिणझिणायला लागला. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, मुंग्या यायच्या. झोपेत जास्त. दचकून उठायची आणि थर्मामीटर झटकतात तसा हात झटकत बसायची, की जरा बरं वाटायचं. कुणाला सांगेल तर शपथ. मला कळलं ते ती आमच्याकडे मुक्कामाला आली तेव्हा. मी विचारलं तर म्हणाली, हात अंगाखाली आला असंल. रोज रोज कसा येतो अंगाखाली, हे विचारल्यावर तिने कूस बदलली.

पहिल्या डॉक्टरांनी मान दाबून पाहिली, मणक्याचं सांगितलं, पट्टा दिला आणि ताकदीची इंजेक्शनं टोचली. त्याने काही फरक पडला नाही. मग गावाने उपचार हातात घेतला. बनूबाई नावाची म्हातारी डाग द्यायची. तिने विळ्याचं टोक चुलीत तापवून आत्याच्या मनगटावर टेकवलं. फोड आला, फोडाच्या आगीत मुंग्या काही दिवस विसरायला झाल्या, आणि आत्या म्हणाली, बघ, उतार पडला. मला इतका संताप आला की मी बनूबाईच्या दारात जाऊन बोलून आले. ती शांतपणे म्हणाली, बाई, मी कुणाला बोलावायला जात नाय. ते खरंच होतं.

नंतर बिल्डिंगमधले विष्णुपंत. ते कंपनीतून रिटायर झाल्यावर ॲक्युप्रेशर शिकले होते आणि सोसायटीत एकही माणूस त्यांनी दाबायचा ठेवला नव्हता. त्यांनी आत्याच्या तळहातावर लाकडी रूळ फिरवला आणि लोहचुंबकाचं कडं दिलं. आत्या ते कडं घालून धारेला बसली. कडं चिमीच्या साखळीला जाऊन चिकटलं. आत्या हात ओढतेय, साखळी ओढली जातेय, चिमी बिथरतेय, बादली आडवी. विष्णुपंतांकडे ती रोज दूध घालायची, ते त्या दिवशी बंद. कडं बरेच दिवस गोठ्याच्या खिळ्याला चिकटून होतं.

अंबरनाथच्या वैद्यांच्या तेलाने मात्र तिला खरोखर थोडं बरं वाटायचं. कोमट तेल लावून हळूहळू मनगट चोळायचं, मग शेकायचं. ते मीही करून द्यायची. पण वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे आरामापुरतं आहे, हात सारखा राबवलात तर तेल काय करणार. हे वाक्य आत्याने ऐकलंच नाही.

शेवटी बोलली ती पायल. ही आमची सून उल्हासनगरात वाढलेली. लग्नाआधी कॅम्पातल्या (तिकडे वस्त्यांना कॅम्पच म्हणतात) एका जीन्सच्या कारखान्यात धागाकटिंगला जायची. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे दिवसभर छोट्या कात्रीने कापायचे. ती म्हणाली, "आई, टेन्शन नका घेऊ ना. आमच्याकडे धागाकटिंगवाल्या आंटी पण असंच हात झटकायच्या. एकीचं ऑपरेशन झालं, एकदम ठीक आहे ती आता." कॅम्पातले ते हाडांचे डॉक्टर तिला माहीत होते. आत्याला सुनेचं ऐकायचं नव्हतं. म्हशीचं शेण बघितलं की पायल नाकाला ओढणी लावते, हा तिचा सुनेवरचा कायमचा राग. पण मी रिक्षा दारात आणून उभी केली.

डॉक्टर भले होते. त्यांनी करंगळीला मुंग्या येतात का विचारलं, मनगटावर बोटाने टिचक्या मारल्या, हाताला बारीक करंट देऊन तपासणी करून घेतली. मग समजावून सांगितलं, की मनगटात एक अरुंद वाट असते, तिच्यातून बोटांची शीर जाते, आणि सूज आली की ती शीर दाबली जाते. कार्पल टनेल म्हणतात. तुम्ही काम काय करता? आत्याने हवेतच अंगठा दुमडून मूठ आवळली आणि धार काढून दाखवली. डॉक्टर म्हणाले, हेच कारण. त्यांनी मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, झोपताना बांधायचा. एक इंजेक्शन मनगटात दिलं. काम निम्मं करा म्हणाले.

इंजेक्शनने कमाल केली. आत्या झोपायला लागली. आणि इथे घात झाला, कारण आत्याला वाटलं की बरी झाले. काम निम्मं तर सोडाच, बिल्डिंगमधल्या आणखी घरांना तिने दूध घालायला घेतलं. पट्टा ती धारेला बसताना बांधायची आणि झोपताना धुऊन दोरीवर वाळत घालायची. मी पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, झोपंत हात काय काम करतो, त्याला कशाला बांधून ठेवायचा? डॉक्टरांनी सांगितलेलं तिने बरोबर उलटं केलं होतं, आणि पट्टा आवळून धार काढल्यामुळे मनगट आणखी सुजत होतं.

पावसाळा सरता सरता दुखणं परत आलं आणि या वेळी वेगळं आलं. अंगठ्यातली शक्तीच गेली. ब्लाउजचा हुक लागेना. भाकरी थापताना पीठ एका बाजूला जाड राहायला लागलं. एकदा दुधाने भरलेली चरवी तिच्या हातातून निसटली आणि ती नुसतीच बघत उभी राहिली, कारण निसटल्याचं बोटांना कळलंच नव्हतं. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि त्यांचा आवाज बदलला. आता ऑपरेशन लवकर करा, म्हणाले. शीर मोकळी केली की मुंग्या आणि दुखणं जाईल, पण हा स्नायू सुकत चाललाय, जितका उशीर कराल तितका तो परत भरण्याची आशा कमी. ऑपरेशन छोटं आहे, हात तेवढा बधिर करतात, त्याच दिवशी घरी. मात्र पुढे दीड-दोन महिने धार काढायची नाही.

"आनि चिमी?" आत्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, घरातलं दुसरं कुणी काढेल की. आत्या हसली. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. तिची अडचण मात्र मला पुरती कळली. हात वाचवायचा तर चिमी दुसऱ्याच्या हाताला द्यायची, आणि चिमी आपल्याच हाताची ठेवायची तर हात जाणार. दोन्ही राखायचं जमणार नव्हतं, आणि तिला दोन्ही राखायचं होतं. म्हैस विकून टाका असं सुयोग म्हणाला, तेव्हा दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. ती मला म्हणाली, "प्रीते, शेतावर मी होते, आता शेत नाय. घरात सून आली. माजा म्हनून काय उरला?" 

दिवाळीच्या आधी एका सकाळी पायलचा मला फोन आला. आई रडतायत, म्हणाली. मी पोचले तेव्हा आत्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती आणि बादली तिच्यापुढे तशीच होती. दूध गुलाबी. धार काढताना तिच्या अंगठ्याचं नख चिमीच्या सडात रुतलं होतं. किती रुतलंय हे त्या बधिर बोटांना समजलं नाही. ती दाबत राहिली. चिमी चुळबुळ करत होती तर आत्या तिच्यावर ओरडत होती, नीट उभी राहा म्हणून, आणि तरी दाबत होती. शेवटी चिमीने लाथ झाडली तेव्हा आत्याला रक्त दिसलं.

गुरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं, जखम भरेल म्हणाले.  ते गेल्यावर आत्याने स्वतःहून उजवा हात माझ्यापुढे केला, पहिल्यांदाच. म्हणाली, "ने मना दवाखान्यात. काप म्हनावं."

आता प्रश्न धारेचा. आत्याला सवयीच्या म्हशीची एक जुनी युक्ती माहीत होती. ज्या हाताची सवय त्या बाईचं न धुतलेलं लुगडं नेसून दुसऱ्याने बसायचं, म्हणजे वासाने म्हैस फसते. पहिला मान मामांचा. मामा मिशा आणि नऊवारी लुगडं अशा थाटात गोठ्यात शिरले. सगळी बिल्डिंग गॅलरीत. चिमीने त्यांना वळून एकदा नीट पाहून घेतलं आणि त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचाही हिशोब पुरा केला. मामा लुगडं सावरत बाहेर आले ते थेट पेपर वाचायला गेले. सुयोगने पोटाच्या आजाराचं निमित्त काढलं. माझी नोकरी, आणि राहणं अंबरनाथला.

राहिली पायल. ती नाकाला ओढणी न लावता आली, हे मी मुद्दाम नोंदवते. आत्याने तिला स्वतःचं लुगडं नेसवलं, बाजूला बसवलं आणि आपला दुखरा हात तिच्या हातावर ठेवून सड कसा धरायचा ते दाखवलं. वरून बोटं बंद करत खाली यायचं, नख लावायचं नाही, ओढायचं नाही. नख लावायचं नाही हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. चिमी अंग चोरून उभी होती. बराच वेळ काहीच आलं नाही. पायलच्या कपाळावरून घाम गळत होता. मग एक बारीक धार आली, बादलीच्या पत्र्यावर वाजली, आणि पायल लहान मुलीसारखी हसली. आत्याने आपला हात काढून घेतला. ती हसली नाही.

ऑपरेशन झालं. तळहाताच्या मुळाशी लहानसा छेद, त्याच्या जरा वर मनगटावर बनूबाईच्या डागाचा व्रण, दोन्ही शेजारी शेजारी. आत्याला आम्ही अंबरनाथला घेऊन आलो. सोनिवलीत ठेवली असती तर ती टाक्यांसकट धारेला बसली असती, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. आमच्याकडे ती खिडकीत बसायची. मंदिराकडे जाणारी माणसं बघायची, बोटं उघडमीट करायची. टाके निघाल्यावर व्यायाम आले. स्पंजचा चेंडू दाबायचा होता, तिने चेंडूला नाकं मुरडली आणि कणकेचा गोळा घेतला. मुंग्या गेल्या. खरंच गेल्या. इतक्या दिवसांनी ती सलग झोपली आणि सकाळी उठून म्हणाली, बोटं परत आली. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो.

दर संध्याकाळी पायलला फोन लावायला लावायची आणि एकच विचारायची, चोरलं का? पहिले काही दिवस चिमी थोडं चोरायची. ते ऐकून आत्या वरवर चुकचुकायची, पण त्या रात्री दोन घास जास्त जेवायची. नंतर पायल सांगायला लागली, नाही आई, सगळं दिलं. आत्या फोन माझ्या हातात द्यायची आणि खिडकीत जाऊन बसायची. तिला वाईट वाटत होतं. जिचं रक्त काढलं ती म्हैस आता दुसऱ्या हाताने सुखी आहे, यात आनंद मानावा की रडावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. मलाही तिचा राग आणि कीव एकदमच यायची.

पायलने मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली आणि आईंना बोलू नका म्हणाली. तिला नऊवारी सांभाळता येईना. एके दिवशी ती तशीच घरच्या फुलाफुलांच्या गाऊनवर धारेला बसली, लुगडं न घेता. भीत भीत बसली. आणि चिमीने त्या दिवशी रोजच्यापेक्षा मोकळेपणाने पान्हा सोडला. लुगडं समोर नव्हतं म्हणूनच बहुतेक. "दीदी, तिला त्या साडीची डर बसली होती," पायल म्हणाली.  ही गोष्ट आत्याला कळू नये असं मलाही वाटलं.

पण म्हशीला कोण समजावणार. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर आत्या सोनिवलीला परतली ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, नवरीसारखी. घरात न जाता सरळ गोठ्यात गेली. लांबूनच हाका मारायला लागली, काय गं सटवे, विसरलीस का मना. चिमीने कान मागे टाकले. आत्या खाली बसली, कासेला हात लावला, आणि चिमीचं सगळं अंग आक्रसलं. आत्या बोलत राहिली, लाडाने, मग दटावून, मग पुन्हा लाडाने. जेवढी बोलायची तेवढी चिमी मागे सरकायची. अंगठ्याखालचा खळगा तसाच होता, पकड अर्धीच येत होती. एक थेंब आला नाही. शेवटी चिमीने पाय उचलला. लाथ आत्याला लागली नाही, बादलीला लागली. आत्या शेणात बसकण मारून पडली. मी आणि पायल धावलो तर म्हणाली, "लागलं नाय मना. लागलं नाय."

मग पायल बसली. तिच्या मोबाइलवर हिंदी गाणं चालू होतं, ती तोंडातून शब्द काढत नव्हती. चिमीने दूध सोडलं. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि सुनेच्या अंगावरचा तो गाऊन तिने त्या दिवशी नीट पाहिला.

पुढचे कितीतरी दिवस ती गोठ्यात गेली नाही. चिमीच्या खाण्याचं आंबोण पायल कालवायची. आत्या ओट्यावर बसून कणकेचा गोळा दाबत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर पाहू, थोडी शक्ती येईल, पूर्वीसारखी येईल असं सांगत नाही. ते तिने मला अक्षरशः तसंच ऐकवलं, कुणाची तक्रार न करता. मला तिचं भांडणं हवं होतं. ती भांडेना.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी सोनिवलीला मुक्कामाला होते. सकाळी जाग आली तर धारेचा आवाज येत होता, पण गाणं नव्हतं. मागे गेले. पायल गोठ्याबाहेर, भिंतीच्या आड, चिमीला दिसणार नाही अशी उभी होती. तिने मला ओठांवर बोट ठेवून खूण केली. मी आत डोकावले. चिमीजवळ पायलचा फुलाफुलांचा गाऊन बसला होता आणि त्याच्यातून आत्याचे पांढरे केस दिसत होते. जन्मभर नऊवारी नेसलेली माझी आत्या, सुनेच्या गाऊनमध्ये, बाह्या दुमडून. पायल लावत नाही म्हणून कुंकूही पुसलेलं. हाताला पायलचाच साबण, त्याचा वास दारापर्यंत येत होता. डावा हात धार काढत होता. उजवा कासेवर नुसता टेकला होता. चिमीने एकदा मान वळवून गाऊनचा खांदा हुंगला, आणि पुन्हा रवंथ करायला लागली.

माझ्या तोंडून आत्या असं निघालं. तिने मान न वळवता डावा हात थांबवला. तिचे डोळे भरून आले होते, गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत येत होतं, आणि ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. अगदी हळू, जवळजवळ नुसत्या श्वासाने ती म्हणाली, "बोलाय लावू नको प्रीते. तिला वाटतंय पायल हाय. माजा आवाज ऐकला तर चोरील."

मग तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा धार काढायला लागली. मी पायलच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.